बोटवाल्याची तीन मिनिटं

डोंगर येऊन थांबला होता. आमची वाडी जिथं होती तिथं तांबडा चिखल होता आणि त्यातून फणसाची मुळं वर आली होती. आम्ही ओढ्याच्या पल्याड, साकवाच्या तोंडाशी भिजत उभे होतो. माझ्या हातात बारा दिवसांची नात, शेजारी बाळंतीण सून. माणसं तीनदा मोजली. तिन्ही वेळा एक कमी. माझी धाकटी जाऊ नव्हती. म्हैस सोडते आणि आलेच, म्हणून ती मागं वळली होती.

बायका ऊर बडवत होत्या. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, चिखलाकडं पळत होता आणि दोघं त्याला कमरेत धरून ओरडत होते. अशात बोटवाल्यानं मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं, हात वर केला आणि म्हणाला, "पावणेचार. गप."

ह्या म्हाताऱ्याच्या कानाखाली द्यावी असं मला वाटलं. पण मी गप झाले. सगळेच झाले. दीरसुद्धा. का झालो ते कळायला हा माणूस आधी कळायला पाहिजे.

त्याचं नाव मी लिहिणार नाही. त्याला ते चालत नसे. जहाजावर माणसाला त्याच्या कामानं हाक मारतात, नावानं नाही, असं तो सांगायचा. तोंडावर मी त्याला भाई म्हणायची, वाडी पाठीमागं बोटवाला म्हणायची. तो मला वैनी म्हणायचा. महाडच्या मुसलमान मोहल्ल्यातलं घर, मुलं आखातात, बायको कधीच गेलेली. मालाच्या बोटींवर रेडिओ सांभाळण्यात त्याची उमर गेली. परत आल्यावर महाडच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान घातलं. तिथं पुराचं पाणी आलं आणि दुकान माळ्यापर्यंत बुडालं. त्यानं उरलेली हत्यारं गोणपाटात बांधली आणि तो वर आमच्याकडं आला. फाट्यावर माझी खानावळ होती, बाजूला एक खोली रिकामी होती. ती मी दिली.

"आता पान्याच्या वर ऱ्हायचं," तो म्हणाला.

"पाण्याच्या वर आलात आणि डोंगराच्या खाली बसलात," मी म्हटलं.

"कुठंतरी बसाया लागतंच, वैनी."

सगळी हयात समुद्रावर काढली, पण पानात मासा दिसला की तोंड फिरवायचा. भाकरी चहात बुडवून खायचा. उन्हाळ्यातही पायात नाडीचे बूट. त्याला काही सांगितलं की तो तेच शब्द परत म्हणायचा आणि वर "ऐकलं" जोडायचा. मी म्हणायची, डाळ संपली. तो म्हणायचा, "डाळ संपली. ऐकलं." मग डाळ आणायचा असं नाही. ऐकलं म्हणजे ऐकलं, एवढंच. पहिल्या महिन्यात मला ते डोक्यात जायचं. नंतर ध्यानात आलं की माझं बोलणं पुरतं ऐकून घेणारा आयुष्यात हा पहिलाच पुरुष.

आणि ती तीन मिनिटं. दर तासाला दोनदा, सव्वाला आणि पाऊणला, तो तीन मिनिटं बोलायचा बंद व्हायचा. तोंडात घास असला तर तसाच ठेवून. माझ्या खानावळीच्या घड्याळावर त्यानं सुनेच्या नेलपॉलिशनं दोन लाल फाका रंगवल्या. काटा लाल फाकेत शिरला की त्यानं हात वर केलाच आणि समोरच्यानंही गप बसायचं. एकदा भोरकडून घाट उतरून आलेला ट्रकवाला त्याच्याशी बोलत होता. भाई मध्येच थांबला, डोळे मिटून बसला. ट्रकवाला मला म्हणाला, "मावशी, म्हातारा गेला काय?"

"नाय, ऐकतोय."

"काय ऐकतोय?"

"कुनी बुडतंय का ते."

ट्रकवाल्यानं चहा निम्मा टाकला आणि तो निघून गेला.

मी एकदा विचारलं तेव्हा भाईनं सांगितलं. जुन्या काळी समुद्रावर तसा नियमच होता. जगातली सगळी जहाजं, कुठल्याही देशाची असोत, त्या तीन मिनिटांत रेडिओवर बोलायची नाहीत. नुसती ऐकायची. कुणाचा बारीक आवाज येत असेल तर तो गलक्यात बुडू नये म्हणून. "एकदा मला आला हुता," तो म्हणाला. "दुसऱ्या कंपनीची बोट. आमच्या मालकाची नि त्यांची कोर्टात भांडनं. रेडिओ येगळे, मालक येगळे. पन रेडिओच्या काट्यावर धोक्याची जागा सगळ्यांना एकच. म्हनून ऐकू आला. सतरा मानसं काढली." मग म्हणाला, "तो नियम आता बंद केला म्हनं. मशीन ऐकतं. मला कुनी सांगितलं नाय अजून."

वाडीनं आधी चेष्टा केली. मग सवय लागली. माझी जाऊ तर सरावली होती. विहिरीवर भांडण चाललं असलं आणि खानावळीच्या बाजूनं भाईचा हात वर दिसला की मध्येच थांबायची, तीन मिनिटांनी त्याच शब्दापासून पुढं भांडायची.

आता पेट्यांचं सांगते. आमच्या भागात डोंगर खाली येऊ लागले तेव्हा वरून ठरलं की डोंगराखालच्या प्रत्येक गावात धोक्याची सूचना देणारा रेडिओ बसवायचा. आकाशातल्या उपग्रहावरून येणारा. कारण पावसाळ्यात वीज जाते, टॉवर बंद पडतो आणि मोबाइल नुसता हातात धरायला उरतो. काम दोन कंपन्यांना वाटून दिलं. महाड तालुका एकीला, पोलादपूर तालुका दुसरीला. आमचा ओढा ही दोन तालुक्यांची हद्द. म्हणून पल्याडच्या गावाला पांढरी पेटी आली आणि आमच्या वाडीला काळी. छपरावर ताटलीएवढी छत्री, खाली पेटी, बॅटरी. भोंगा पुढच्या वर्षी बसवू म्हणाले.

आम्ही पेटी देवळात ठेवली. चोरीला जायला नको म्हणून कपाटात घालून कुलूप लावलं, किल्ली गुरवाकडं. वर क्रोशाचा रुमाल. दसऱ्याला तिची पूजा झाली, त्यात कुणीतरी आवाजाच्या जाळीलाच हळदकुंकू लावलं. भाईनं ते पाहिलं तेव्हा पेटीवरचा रुमाल काढून त्यातच नाक शिंकरलं आणि टूथब्रशनं जाळी घासत बसला. "देवाला कुंकू लावा," म्हणाला. "ह्याला कान लावा."

दर सोमवारी अकरा वाजता पेटीवर चाचणी असायची. एक बाई बोलायची, ही चाचणी आहे, घाबरू नका. एका सोमवारी भाई साकव ओलांडून गेला आणि पल्याडची पांढरी पेटी छत्रीसकट खांद्यावर घेऊन आला. माझ्या बाकावर त्यानं दोन्ही पेट्या शेजारी शेजारी मांडल्या. अकरा वाजले. पांढरी बोलली, घाटमाथ्यावर अमुक पाऊस, ह्या डोंगराला आज धोका नाही. आमच्या काळीवर खाली खाडीकडच्या भरतीची वेळ चालू होती आणि मग खतं कशी टाकावीत ते.

डोंगरात यंत्राच्या खुंट्या रोवल्या होत्या त्या माथ्यावर, आणि माथा महाड तालुक्यात. म्हणजे आमच्या डोक्यावर डोंगर हलला तर ते पांढऱ्या पेटीला कळणार. आणि पांढरी पेटी होती ओढ्याच्या पल्याड, कातळावरच्या गावात. तिथं डोंगर जाणारच नव्हता.

भाईनं माझ्या चमच्याच्या दांड्यानं दोन्ही पेट्या उघडल्या. सील तुटलं. आत बघून तो हसला. मी त्याला हसताना दोनदाच पाहिलं, त्यातलं हे एकदा.

"वैनी, हे बघ गो. सख्खे भाऊ हायेत. हा एवढा तुकडा येगळा. तो पन मुद्दाम."

"मुद्दाम कशाला?"

"ह्याच्या पेटीत त्याचा आवाज नको म्हनून."

त्यानं दोन्ही कंपन्यांना पत्रं धाडली. पत्र एकच, पाकिटं दोन. तारेसारखं तुटक लिहायचा. समोरची कंपनी सोमवारी आमच्या वाडीत यायला तयार आहे. तुम्ही घाबरत असाल तर येऊ नका. एवढंच. आधी काही झालं नाही. सील तोडल्याबद्दल पोलिसांत जाऊ असं एका कंपनीचं उत्तर मात्र आलं. ते त्यानं भिंतीला चिकटवलं. मग तेच पत्र पुन्हा, दर आठवड्याला. शेवटी एका सोमवारी दोन गाड्या आल्या. काळीवाल्यांचा एक जाडा साहेब आणि पांढरीवाल्यांची एक तरुण इंजिनीअर बाई. एकमेकांना बघून दोघांची तोंडं उतरली. तो दाराजवळ बसला, ती मोरीजवळ.

भाईनं दोन्ही पेट्या मांडून दाखवल्या. साहेब म्हणाला, "आमची यंत्रणा आमच्या क्षेत्रापुरती उत्तम चालते."

"डोंगराला तुमचं क्षेत्र म्हाईत हाय का?" भाई म्हणाला.

बाई म्हणाली, "काका, दोन्ही सिग्नल एका पेटीत घ्यायचे तर दोघांना आपापली कुलपं एकमेकांसमोर उघडावी लागतील. ते इतकं सोपं नसतं."

तेवढ्यात सव्वाबारा झाले. भाई गप झाला. साहेब बोलतच राहिला. मी त्याला म्हटलं, "गप बसा तीन मिनटं. इथं नियम हाय." बसला बिचारा. त्या तीन मिनिटांत मी बघत होते. वीज सकाळीच गेलेली. माझ्याकडं बॅटरीवर चालणारं एक चार्जर खिळ्याला टांगलेलं होतं. आल्या आल्या साहेबानं आपला फोन त्याला लावला होता. आता बाईनं हळूच तो काढून आपला लावला. भाईची तीन मिनिटं सरली आणि मी बोलले.

"तुमचे फोन एका कंपनीचे हायेत का?"

"नाही," बाई म्हणाली.

"मग पिन एक कशी?"

साहेबानं चार्जरची पिन हातात घेऊन बघितली.

"तुमचे फोन मरू नयेत म्हनून कुनीतरी बसून एक पिन ठरवली," मी म्हटलं. "आमची मानसं मरू नयेत म्हनून तुमाला बसाया काय होतं?"

साहेब म्हणाला, "आजी, त्या गोष्टी वरच्या पातळीवर ठरतात."

"मग जा वर. पन जेवून जा. भात उरला तर मला गाईला घालावा लागतो."

त्या दिवशी ठरलं असं कुणी समजू नये. साहेब जेवून गाडीत बसला. पण बाई दुपारभर भाईच्या खोलीत बसली आणि तिनं आपल्या वहीत दोन्ही पेट्यांची चित्रं काढली. नंतर कळलं, तिनंच वर भांडून काढलं. त्यांच्या बाजूनं काय काय झालं ते मला माहीत नाही आणि माहीत असल्याचं मी सांगणारही नाही. पुढच्या पावसाच्या तोंडाला करड्या रंगाची पेटी आली. तिच्यात दोन्ही कंपन्यांचे आवाज. आमच्या वाडीला एक, पल्याडच्या गावाला एक, फक्त दोनच. प्रयोग म्हणून, महिनाभरापुरत्या.

करडी पेटी देवळात ठेवायची नाही, असं भाईनं बजावलं. कपाटातली पेटी काय कामाची. ती माझ्या खानावळीत घड्याळाखाली ठेवली. वाडीचा नियम त्यानंच केला: दिवसा सव्वाला आणि पाऊणला कुणीतरी एकानं पेटीपाशी यायचं आणि बाकीच्यांनी आवाज बंद ठेवायचा. पत्र्यावर पाऊस वाजत असला की पेटी दोन हातांवर ऐकू येत नसे. कुंकू जाळीत नव्हतं, तरी नसे. भोंगा अजून पुढच्याच वर्षी होता.

महिना संपला. दोन्ही कंपन्यांचं पुन्हा बिनसलं. का, तर पेटीवर कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली. बाईचा फोन आला तेव्हा तिचा आवाज पडलेला होता. "काका, पेट्या परत मागवल्यात. मी काही करू शकत नाही."

"परत मागवल्यात. ऐकलं," भाई म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पेटी न्यायला एक माणूस आला. हातात कागद. भाई दारात आडवा उभा राहिला आणि त्याच्याशी तोंड वाजवायला लागला, इंग्रजीत. मला तेवढं बोलता येत नाही. मी पेटी जमिनीवर ठेवली, वर पाट ठेवला आणि पाटावर बसले.

"आजी, उठा."

"गुडघे दुखतात. उठवा तुम्ही."

तो कसा उठवणार. मग वाडीतल्या बायका आल्या आणि माझ्या भोवती भाजी निवडत बसल्या. जाऊबाई त्याला म्हणाली, "कागदावर लिवा, पेटी म्हातारीखाली हाय. म्हातारी मेली की देतो." त्यानं फोटो काढला आणि तो गेला. भाई हसला ते दुसऱ्यांदा. पल्याडच्या गावानं मात्र त्यांची पेटी देऊन टाकली.

त्यानंतर आठव्या दिवशी ती दुपार. सकाळपासून एकसारखा कोसळत होता. माणसं लावणीवरून परत आली होती, खानावळीत चहाला बसली होती. गप्पा, भांड्यांचा आवाज, पत्र्यावर पाऊस. सव्वातीन झाले. भाईनं हात वर केला. सगळे गप. दीर वाकून पेटीपाशी गेला. दुसऱ्या मिनिटाला पेटी बोलली. पांढऱ्या पेटीवर बोलायची त्या बाईचाच आवाज, पण चाचणीचा नव्हे. माथ्यावरच्या खुंट्या सरकल्या आहेत, ओढ्याच्या पोलादपूरच्या अंगाची वस्ती लगेच सोडा.

"वस्ती सोडा. ऐकलं," भाई म्हणाला आणि ताटं तशीच टाकून सगळे उठले.

वीस मिनिटांत वाडी साकवावरून पल्याडच्या शाळेकडं निघाली. म्हाताऱ्यांना झोळीत घातलं. सुनेला दोघींनी उचललं. भाई साकवाच्या मध्यावर उभा राहून प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत मोजत होता. शेवटच्या पाचांत जाऊ होती, ती म्हशीसाठी वळली. तो तिच्या नावानं ओरडला, पण ती ऐकणारी नव्हती. आधी वास आला, ओल्या मुळांचा. मग डोंगर.

म्हणून सांगते, पावणेचारला त्यानं हात वर केला तेव्हा आम्ही गप झालो ते त्याला मान देऊन नव्हे. अंगाला सवय होती. काटा फाकेत शिरला की तोंड आपोआप मिटायचं. पाऊस तेवढा बोलत होता.

पहिलं मिनिट काही नाही. दुसऱ्यात आवाज आला. लोखंडावर लोखंड. तीनदा. थांबून तीनदा. ओढ्याच्या कडेच्या कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, बेटातून, जिथं नळपाण्याचा पाइप जातो तिथून.

भाई जागचा हलला नाही. तीन मिनिटं पुरी झाल्याशिवाय त्यानं हात खाली आणला नाही. दिशा पक्की करून घेतली आणि मग बोट दाखवलं. शाळेचे दरवाजे काढले, बाकं आणली, चिखलावर टाकत माणसं गेली. ती छातीपर्यंत गाडलेली होती. आवाज फुटत नव्हता. कमरेचा कोयता हातात होता आणि पाइप जवळ होता. म्हैस आधीच दावं तोडून कातळावर चरत होती.

जाऊला शाळेत आणून निजवलं तेव्हा मी तिला शिव्या दिल्या. मग विचारलं, आधी का वाजवलं नाहीस, आम्ही मेलो इथं. ती म्हणाली, "तुमचा गलका चालला हुता. त्यात काय ऐकू येनार? दम राखून ठेवला. मला ठावं हुतं, पावणेचारला भाई गप करनार. तुमी गप झालाव तसं कळलं, पावणेचार वाजले."

भाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "एकोनचाळीस," म्हणाला. "ऐकलं."

पुढं दोन्ही कंपन्यांनी एकच पेटी कायमची केली, आता ती दोन्ही तालुक्यांत आहे. शाळेपाशी बोर्ड लावलाय, दोघांची नावं सारख्या अक्षरात. एवढं जुळायला आमचं गाव जावं लागलं. बोर्डावर लिहिलंय की यंत्रणेनं वेळीच सूचना दिल्यामुळं जीवितहानी टळली. उद्घाटनाला साहेबानं मला दोन शब्द बोला म्हटलं. मी म्हटलं, पेटी तुम्ही न्यायला आला होता. मग मला माइक दिला नाही.

वाचलेल्यांची यादी करायला आलेल्या माणसानं वाडीतली सगळी नावं लिहिली. नातीचं बारसं झालं नव्हतं, तिच्यापुढं नुसतं मुलगी लिहिलं. भाईचं लिहिलं नाही. त्याचं रेशनकार्ड महाडचं, म्हणजे ओढ्याच्या पल्याडचं. तो दुसऱ्या तालुक्यातला, असं यादीवाला म्हणाला. मी भांडले. भाई म्हणाला, सोड वैनी, मी मोजतच नाय मला.

सरकारी यादीत एकोणचाळीस आहेत. त्या दुपारी आमच्या वाडीतून जिवंत निघाली ती माणसं चाळीस.